छत्तीस महिने

३ मार्च

छोट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरात फोन असताना ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तर फोनशीच माझं भांडण झालंय आणि त्याची चुगली त्याच्याच तोंडून करायला मला लाज वाटते.

गेल्या जूनमध्ये माझ्या जुन्या फोनची काच तडकली म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथे एक टायवाला आहे. "आत्या, आधी बसा," म्हणाला, आणि पंखा माझ्याकडे वळवला. साठी उलटलेल्या बाईकडे कुणी पंखा वळवला की ती विरघळते, हे त्याला शिकवलेलं असणार. अर्ध्या तासाने मी बाहेर पडले ती नवा फोन, एक टॅब्लेट आणि मनगटावर बांधायचं घड्याळ घेऊन. घड्याळ पावलं मोजतं. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली असते. रोज संध्याकाळी ते मला सांगतं, आज दोनशे बारा पावलं चाललात, उद्या अजून प्रयत्न करा.

"सगळं फुकट आहे आत्या, फक्त बिल थोडं वाढेल." थोडं म्हणजे तिप्पट. आणि करार छत्तीस महिन्यांचा. मधेच सुटायचं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं बिल एकदम भरायचं. ही अट कुठे लिहिली होती म्हणून शोधलं, तर सातव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

नोव्हेंबरमध्ये रागाच्या भरात मी बिल भरायचं बंद केलं. तिथे माझं चुकलं. गेल्या महिन्यात मशीनची मोटर जळली. नवं मशीन हप्त्यावर घ्यायला गेले तर तिथला माणूस माझं नाव टाइप करून पुढे वाकला. "बाई, तुमचं नाव थकबाकीच्या यादीत आहे. मशीन देता येणार नाही." पन्नास लोकांसमोर बोलला असता तरी मला एवढं लागलं नसतं; एकट्यात, हळू आवाजात बोलला. हॉटेलवाल्यांच्या गणवेशांचं काम हातचं जाईल आता. चाळीस पॅंटी मी हाताने दुमडतेय. बोटांची चाळण झालीय.

कस्टमर केअरला पाच वेळा फोन केला. प्रत्येक वेळी वेगळा आवाज, पण बोलणं तेच. गोड बोलून मला थकवतात आणि फोन ठेवायला लावतात.

तू ऑफिसात माणसांना काहीतरी शिकवतोस ना, तुला कायद्याचं चार लोकांना विचारता येईल. बिलाची झेरॉक्स सोबत आहे, कंपनी कुठली ते त्यावर कळेल. आणि ऐक. मला नुसतं सुटायचं नाही. मला त्यांना रडवायचंय.

ताई

१४ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. बिल पाहिलं. तुझ्या बोटांचं वाचून वाईट वाटलं.

रडवण्याचं मनातून काढून टाक. एवढ्या मोठ्या कंपनीला तुझ्यामाझ्यासारख्यांचं काय वाटणार? फोनवर बोलणारी पोरंही पोटासाठीच बसलेली असतात. समोरच्या पडद्यावर जे येतं ते वाचतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

एक उपाय चालेल असं वाटतं. परत फोन कर आणि म्हण, "मी सोडून चालले आहे." मग ते स्वतःहून स्वस्त प्लॅन देतील. तो घे. मागची बाकी ते माफ करतात, असं ऐकून आहे. बिल कमी झालं की तुझाही जीव शांत होईल.

मशीनसाठी मी पैसे पाठवू का? संकोच करू नकोस.

तुझा
छोट्या

२९ मार्च

छोट्या,

तुझं ऐकलं. फोन केला, "सोडून चालले आहे" म्हटलं. पलीकडे एक मुलगी होती, आवाज कोवळा. तिने स्वस्त प्लॅन दिला. बिल तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. मी खूश. तुझं नाव घेऊन चहा प्यायले.

काल कागद आला. प्लॅन नवा म्हणून करारही नवा. फोन केला त्या दिवसापासून छत्तीस महिने. मी नऊ महिने काढले होते, ते पाण्यात गेले. बाकी माफ नाही, ती नव्या करारात ढकलली आहे. माझं नाव अजून त्याच यादीत. त्यांचा माझा छत्तीसचा आकडा म्हणतात तो असा.

हे मी सोसलं असतं. पण त्या फोनवर आणखी एक गोष्ट झाली, ती मला गेले दोन आठवडे गिळता येत नाहीये.

मी चढ्या आवाजात बोलत होते. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "ताई, राग आलाय ना? मग आधी रागाला पाणी विचारू या."

माझ्या हातातली सुई खाली पडली.

छोट्या, हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. हे आईचं होतं. आपण दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटत असलो की ती मधे पेला घेऊन यायची. "आला ना राग? पाहुणा आहे, त्याला पाणी विचारा, मग जाईल तो." अख्ख्या जगात हे वाक्य माहीत असलेली दोनच माणसं जिवंत आहेत. त्यातली एक मी.

ते त्या मुलीच्या तोंडात कसं गेलं?

ताई

२० एप्रिल

छोट्या,

तीन आठवडे झाले. टपाल हरवलं असेल असं मी पहिला आठवडाभर स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

मधल्या काळात टायवाला माझ्याकडे आला होता, दुकानाचा गणवेश घेऊन. पॅंट आखूड करून हवी होती. मला ओळखलं नाही त्याने. मी ओळखलं. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर जास्त आखूड केला. चार दिवस तो तसाच गिऱ्हाइकांसमोर उभा होता, मी दोनदा मुद्दाम त्या बाजूने गेले. मग परत आला, तेव्हा दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले. आईने पाहिलं असतं तर माझा कान धरला असता. पण बरं वाटलं.

हे तुला अशासाठी कळवते, की मी सध्या कशी झाले आहे ते तुला माहीत असावं. उत्तर दे.

ताई

२ मे

ताई,

चार पत्रं लिहून फाडली. आता हे पाठवतो.

तू ज्यांना फोन करतेस ते माझं ऑफिस आहे. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांना थांबवायचा एक विभाग आहे, ऐंशी माणसं बसतात. ती काय बोलतात ते मी लिहितो. पडद्यावर जे वाक्य येतं ते माझं असतं. नऊ वर्षं हेच करतोय. तुला "ट्रेनिंग" म्हणून सांगत आलो कारण खरं सांगायला जीभ रेटेना.

आईचं वाक्य मीच दिलं. केव्हा, तेही सांगतो, म्हणजे तुला जे बोलायचं ते एकदाच बोलून होईल. आई गेली तेव्हा मी दोन दिवस आलो होतो. दोन्ही दिवस गॅलरीत फोनवर होतो. तुला वाटलं मी रजा वाढवून मागतोय. तू आतून दार लोटून घेतलंस, मला मोकळं बोलता यावं म्हणून. मी नवी स्क्रिप्ट सांगत होतो. ती त्याच दिवशी हवी होती. आईचं ते वाक्य डोक्यात घुमत होतं आणि मी ते सांगून टाकलं. तोंडातून गेल्यावर कळलं. परत घेतलं नाही, कारण पलीकडचा माणूस "वा!" म्हणाला.

ते वाक्य खूप चाललं. ते ऐकून चारातला एक माणूस करार न सोडताच फोन ठेवतो. मला त्याबद्दल काचेची एक ढाल मिळाली आहे.

स्वस्त प्लॅन घेतला की करार पहिल्यापासून सुरू होतो, हे मला माहीत होतं. बिल कमी झालं की तू त्याकडे बघणार नाहीस असं वाटलं. बहुतेक लोक बघत नाहीत.

तुझा सगळा करार मी भरून टाकतो. यादीतून नाव काढून देतो. तू फक्त हो म्हण.

छोट्या

९ मे

छोट्या,

नाही म्हणते.

तुझे पैसे त्याच गल्ल्यातून आलेले. त्यांनी मला उसवायचं आणि तू मला त्यांच्याच दोऱ्याने शिवायचं, हे मला चालणार नाही.

आईचं मी काही बोलणार नाही. बोलायला लागले तर हे पत्र संपणार नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशी दार लोटून घेतल्यावर मी आत आलेल्या बायकांना म्हणाले होते, "त्याला रडू द्या, तो चारचौघांत रडत नाही."

आता माझी अट. नऊ वर्षं तू लोकांना बाहेर जाऊ दिलं नाहीस, म्हणजे बाहेर जायचं दार कुठे आहे ते तुला पक्कं माहीत असणार. ते मला लिहून दे. मला एकटीला पुरेल असं नको, कुणालाही वापरता येईल असं दे. आणि टाइप केलेलं नको. तुझ्या हातचं, खाली पूर्ण सही. बिनसहीचा कागद आला तर मी तो उघडणारही नाही.

नोकरी धोक्यात येईल म्हणशील. येईल.

ताई

२३ मे

ताई,

घे.

करारात एकोणिसावं कलम आहे. गिऱ्हाइकाने लेखी मागणी केली, तर करार करताना सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवल्याचा पुरावा कंपनीने तीस दिवसांत द्यायचा. देता आला नाही, तर करार त्या दिवसापासून रद्द. दंड नाही, बाकी नाही, यादीत नाव असेल तर तेही काढायचं.

दुकानात अटी कुणीच वाचून दाखवत नाही, कारण वाचल्या की माणूस उठून जातो. फोनवर पूर्वी वाचायचे. अकरा मिनिटं लागायची. ती अकरा मिनिटं स्क्रिप्टमधून मीच काढली. त्यामुळे पुरावा कुणाच्याच कराराचा नाही, तुझ्याही नाही.

म्हणूनच सगळ्यांना फोनवर गुंतवून ठेवायचं असतं. फोनवर कितीही ओरडा, त्याने मुदत सुरू होत नाही. पत्र आलं की त्या दिवसापासून तीस दिवस मोजायला लागतात. आमच्या मजल्यावर ओरडणाऱ्या माणसाला कुणी भीत नाही. पोचपावती लावलेल्या पाकिटाला सगळे भितात.

पत्रात लिही: "कलम एकोणीसप्रमाणे पुरावा द्यावा." बाकी एक शब्द नको. राग लिहू नकोस. राग लिहिला की ते पत्र तक्रारीत टाकतात, आणि तक्रारीला मुदत नसते.

वाचून झालं की फाडून टाक.

खाली माझी पूर्ण सही केली आहे.

छोट्या

८ जुलै

छोट्या,

सुटले.

एकच ओळ लिहिली, पोचपावती लावून पाठवली. अठ्ठाविसाव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. "आपण यावर बोलू या का?" मी म्हटलं, "लिहून कळवा," आणि ठेवला. आयुष्यात एवढा गोड फोन मी ठेवला नव्हता. एकतिसाव्या दिवशी कागद आला, करार रद्द. टॅब्लेट, घड्याळ, फोन, तिन्ही वस्तू एका खोक्यात घालून मी टायवाल्याच्या टेबलावर आपटल्या. पावती दे म्हटलं. त्याने मुकाट्याने दिली.

मशीन परवा आलं. हॉटेलवाले म्हणाले, तुमच्या हाताची सवय झालीय आम्हाला, थांबलो होतो. खरं खोटं देव जाणे. ते सप्टेंबरसाठी साठ पॅंटी देतायत.

मी मात्र थांबले नाही. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, फोन कुणाचा? शाळेसमोर गाड्या थांबवणारा म्हातारा, पावाच्या दुकानातली जाडी, दातांच्या डॉक्टरांकडची नर्स. एकेकाला बसवते आणि ओळ लिहून घेते. आजपर्यंत त्रेसष्ट पत्रं गेली. आपल्या पोस्टातला माणूस मला विचारत होता, बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहताय का?

तुझं पत्र फाडलं नाही. जपून ठेवलंय.

ताई

१९ ऑगस्ट

ताई,

आज वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. टेबलावर एक फोटो होता. तुझी ट्रायल रूम. आरशाशेजारी माझं पत्र, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. खाली माझी सही. तुझ्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाने नव्या कपड्यात स्वतःचा फोटो काढला, आणि मागे ते आलं. सही अगदी स्वच्छ दिसतेय. तुझ्या आरशावरचा दिवा चांगला आहे.

कलम एकोणीस मागणारी चारशेच्या वर पत्रं आलीत म्हणे, निम्म्याहून जास्त तुमच्या भागातून. नोकरी गेली. आठवडाभरात हातातली कामं दुसऱ्याला समजावून द्यायची आणि निघायचं. बावन्नाव्या वर्षी.

एकच विचारतो. पत्र जपून ठेवलंय असं तू लिहिलं होतंस. भिंतीवर लावलंस ते न समजून, की समजून?

छोट्या

२३ ऑगस्ट

छोट्या,

समजून.

तू फाडून टाक म्हणालास, त्याच संध्याकाळी लावलं. सही झाकायला वरून कापडाची पट्टी टाचता आली असती. हातात पट्टी होतीही. टाचली नाही. कुणीतरी बघेल, कुणीतरी कुणाला सांगेल, आणि एक दिवस तुलाही तशाच एका टेबलापलीकडे बसवून कुणीतरी गोड बोलेल, अशी माझी इच्छा होती. कंपनीला रडवता येणार नाही असं तूच म्हणाला होतास. मग मी हाताला लागेल त्याला रडवलं.

आई गेल्याला दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत रोज कुठल्या ना कुठल्या अनोळखी माणसाने तिचं बोलणं ऐकलं आणि हरून फोन खाली ठेवला. त्याचा हिशोब मी कुणाकडे मागायचा होता?

खोटं लिहून तुला बरं वाटेल असं काही करणार नाही. तुझं पत्र वाचून मला आनंद झाला. दुपारपर्यंत टिकला. मग मशीनवर बसले तर दोरा ओवता येईना.

ताई

३१ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं. मग बूट घालून खूप वेळ चाललो.

माझा शेवटचा दिवस सोमवार होता. वरच्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, कपाटाची किल्ली घेतली, काचेची ढालसुद्धा परत घेतली. ती कंपनीची मालमत्ता आहे म्हणे. स्क्रिप्ट बदलायचा पासवर्ड काढून घ्यायला विसरले. ते काम कोण करतं हेच वर कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत एकाही साहेबाने तो पडदा वाचलेला नाही.

सकाळी नऊला मी बसलो. आधी आईचं वाक्य काढलं. मग बाकीचं सगळं काढलं, माझी नऊ वर्षं, आणि त्या जागी पाच ओळी लिहिल्या. "तुम्हाला करार सोडायचा असेल तर आमच्याशी बोलू नका. एका ओळीचं पत्र लिहा. कलम एकोणीसप्रमाणे पुरावा द्यावा. पोचपावती लावा. पत्ता लिहून घेता का?" आणि बटण दाबलं.

ऐंशी पडद्यांवर एकदम आलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळ्यात जुनी बाई, जिला मी नऊ वर्षांपूर्वी शिकवलं होतं, तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने वाचायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनी.

वीस मिनिटं कमी पाच तास ते चाललं. कुणी साहेब खाली आला नाही, कारण फोन किती वेळात संपतात ते दाखवणाऱ्या पाटीवरचे आकडे फार छान दिसत होते. फोन लवकर संपत होते ना! दुपारी दोनला कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि वरून धावत माणसं आली. तोवर साडेतीन हजार लोकांनी पत्ता लिहून घेतला होता.

मुलांना कुणी काही करू शकत नाही. पडद्यावर आहे ते वाचायचं, हा कंपनीचाच नियम. मी पिशवी उचलली आणि जिन्याने उतरलो. दोन-दोन पायऱ्या उतरलो, गुडघे दुखत असून.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तू मला पकडून दिलंस, ते मी विसरलेलो नाही. मी त्यांच्यावर सूड उगवला, तू माझ्यावर. आता तुझ्यावर कुणी उगवायचा ते बघू.

छोट्या

७ सप्टेंबर

छोट्या,

तुझ्या त्या शेवटच्या सोमवारी साडेअकराला पावाच्या दुकानातली जाडी कोट सैल करायला आली होती. तिच्या बहिणीचा करार सोडवायचा म्हणून फोन लावून बसली होती, स्पीकरवर. मी तिच्या पाठीमागे टाचण्या लावत होते. फोनवर एक मुलगी आली. नेहमीचं गोड सुरू होईल म्हणून मी दात आवळले. आणि ती वाचायला लागली, "आमच्याशी बोलू नका. एका ओळीचं पत्र लिहा."

जाडी म्हणाली, "काय?"

मुलीने परत वाचलं. मग मधेच थांबली आणि हळूच म्हणाली, "एक मिनिट हं मॅडम, मी पण लिहून घेते. माझाही यांचाच फोन आहे."

जाडी एवढी हसली की कोटाची पाठ मधोमध टरकली. मी तिला म्हटलं, याचे पैसे घेणार नाही. का, ते सांगितलं नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की ते तुझे शब्द होते. रडले. आधी आईसाठी, मग तुझ्यासाठी, मग थोडी नुसतीच.

टाचण्या काढल्या. पत्र भिंतीवरून उतरवलंय. त्या जागी नुसती ओळ आणि पत्ता लावलाय, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. कुणाला यायचं असेल त्याने आता माझ्याकडे यावं.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटत नाही, पुढेही वाटणार नाही. तू तिकडे एकटा तुझ्या खोलीत बसलेला असशील, याचं वाटतं. इथे मागची खोली रिकामी आहे. हॉटेलवाल्यांच्या साठ पॅंटी आल्यात, माझ्याने एकटीने होणार नाहीत. बटणं लावणं तुला यायचं लहानपणी.

माफ केलं असं समजू नकोस. सूड उगवायचा असेल तर तोही इथे येऊन उगव. ये, समोर बस. पत्रात मला नीट भांडता येत नाही.

ताई